हनुवटीवरचा ठिपका

दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवस कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आणि शाहूपुरीत दुकानांची झाडलोट सुरू होते. पोत्यांच्या थप्प्या हलतात, फळ्या पुसल्या जातात, जुन्या वह्यांची बासने ऊन खातात आणि गादीमागच्या भिंतीवरील पूर्वजांच्या तसबिरी खाली उतरतात. वहीपूजनाच्या दिवशी त्यांना नवा हार घालायचा असतो. काचेवरची वर्षभराची धूळ फडक्याने निघते, चेहरा उजळतो. तरीही काही पांढरे ठिपके हटत नाहीत. मग एखादा उत्साही नोकर फ्रेमची मागची फळी काढून फोटो बाहेर घेतो आणि तेच ओले फडके थेट फोटोवरून फिरवतो. ठिपके जागच्या जागी राहतात. फोटोवर मात्र पाण्याचा एक ओघळ उठतो, आणि तो पुढे कधीच जात नाही.

ठिपका पुसला जात नाही, कारण तेथे पुसण्यासारखे काही नसतेच. कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे काळे कण. पांढऱ्या ठिपक्याच्या जागी ते कण तयारच झालेले नसतात. रोजकीर्दीत एखादी रक्कम मांडायची राहून गेली, तर पान घासून ती उमटत नाही. ती मांडावीच लागते. फोटोतील धुळीचा ठिपका ही अशीच राहून गेलेली नोंद होय.

ती राहते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. छपाईच्या वेळी एन्लार्जरचा प्रकाश निगेटिव्हच्या आरपार जाऊन कागदावर पडतो. जेथे प्रकाश अधिक, तेथे कागद अधिक काळा. निगेटिव्हवर धुळीचा कण बसलेला असेल तर तो प्रकाश अडवतो आणि त्याच्या सावलीतला कागद कोरा राहतो. म्हणून धूळ कोणत्याही रंगाची असो, फोटोत ती पांढरी होऊन उतरते. शिवाय चेहऱ्याबरोबर तीही मोठी होते. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तिच्यावरून १२ बाय ८ इंचांचा फोटो केला की सारे काही सुमारे साडेआठ पट वाढते. निगेटिव्हवर डोळ्याला जेमतेम जाणवणारा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा कण फोटोत जवळजवळ मिलिमीटरभर होऊन गालावर बसतो, आणि पापणीचा केस पांढऱ्या दोऱ्यासारखा कपाळावरून जातो. आजोबा-पणजोबांच्या काळातील काही फोटो आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ दिसतात, त्याचे एक कारण असे की ते मोठ्या प्लेटवरून तेवढ्याच आकारात छापलेले असत. धूळ तेव्हाही होती. पण तिच्यावर व्याज चढत नव्हते.

जुने डार्करूमवाले धुळीचा बंदोबस्त छपाईच्या आधीच करीत. झाडू आदल्या संध्याकाळी मारून ठेवायचा, काम सुरू करताना जमिनीवर पाणी शिंपडायचे, पंखा बंद. कोरड्या दिवसांत निगेटिव्ह फडक्याने पुसले की त्यावर विजेचा भार येऊन ते आणखी धूळ ओढून घेते, म्हणून मऊ ब्रशचे एक-दोन हलके फटकारे मारायचे आणि थांबायचे. मुनिश्रींची पिंछी ज्या हलकेपणाने फिरते, तितक्याच हलकेपणाने. एवढे करूनही दहा-पाच कण राहतच. ते नंतर फोटोवर ब्रशने भरणाऱ्या माणसाला कोल्हापुरातील स्टुडिओत टचिंगवाला म्हणत.

या गावात ती कला रुजली यात नवल नाही. मेस्त्री घराण्यातील आनंदराव आणि बाबूराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. त्यांतील बाबूराव पेंटरांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात कंपनीची स्थापना केली तीही कोल्हापुरातच. पुण्याला ती १९३३ साली गेली. काळ्या-पांढऱ्या छटांवर ज्यांची नजर बसली आहे अशा माणसांचे हे गाव. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज शिल्लक नाहीत. त्या पडद्यावर काय होते याचा अंदाज येतो तो कागदावरच्या स्थिरचित्रांवरून. चित्रपटांची जी गत, तीच घराघरांतील माणसांची. निगेटिव्ह नाहीसे होते, स्टुडिओ बंद पडतो, आणि भिंतीवरचा एकच कागद मागे राहतो.

लक्ष्मीपुरीतील धान्याच्या एका जुन्या पेढीवर असा एक कागद आहे.

पेढीच्या मूळ पुरुषाचे फोटो अनेक आहेत: फेटा बांधलेला, बैलगाडीजवळ उभा, व्यापारी मंडळाच्या सभेत बसलेला. त्यांच्या पत्नीचा फोटो एकच. त्या १९६१ साली वारल्या. त्याआधी दोन-तीन वर्षे कुटुंब सम्मेदशिखरजींच्या यात्रेला गेले होते. तेथे कोणीतरी साध्या रोलच्या कॅमेऱ्याने पंधरा-वीस यात्रेकरूंचा एकत्र फोटो घेतला होता. त्या निगेटिव्हमधील बोटाच्या पेराएवढा तुकडा ताणून उठावण्यासाठी एका दिवसात बारा इंचांचा फोटो करून घेण्यात आला. बारा-चौदा पट वाढलेला चेहरा, आणि त्याच्याबरोबर तितकीच वाढलेली धूळ. टचिंग करायला वेळच नव्हता. फोटोला हार घातला गेला, लोक येऊन गेले, आणि ‘नंतर करून घेऊ’ म्हणून ठेवलेले काम साठ वर्षे तसेच राहिले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. शाहूपुरीतील घराच्या तळमजल्यावर या कुटुंबाची लोखंडी पेटी होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा आतील अल्बमची वीट झाली होती. जिलेटिन पाण्याने फुगते आणि वाळताना ज्याला टेकले असेल त्याला चिकटते. ओले असतानाच फोटो स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे केले असते आणि सावलीत, चेहरा वर ठेवून, एकेक करून वाळवले असते, तर निदान काही वाचले असते. पण त्या आठवड्यात घराघरातून चिखल उपसण्याचे काम चालले होते आणि फोटोंचा विचार कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. यात्रेचा मूळ गट-फोटो त्यातच गेला. पेढीच्या माडीवर टांगलेला तो एक फोटो तेवढा उरला.

पेढीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षी घरातील सर्वांत धाकट्या मुलाने, म्हणजे त्या बाईंच्या पणतूने, मनावर घेतले. त्याने मोबाइलवर फोटोची प्रत घेतली, धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी सोय वापरली, आणि दोन मिनिटांत साठ वर्षांचे ठिपके नाहीसे झाले. त्याची मोठी प्रत सोनेरी फ्रेममध्ये बसवून घरी आली. सर्वांना ती आवडली. नापसंत पडण्यासारखे तीत काही नव्हतेच. चेहरा चंद्रासारखा नितळ झाला होता.

त्या बाईंची एकुलती हयात मुलगी जयसिंगपूरला असते. वय ब्याऐंशी. मुलाची ती आत्याआजी. समारंभासाठी ती आली, फोटोसमोर चष्मा पुसून उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘फोटो झाक आलाय रे. पण ही आई न्हवं.’

कोणाला काही उमगेना. वयोमानाने होते असे, म्हणून मंडळींनी तो विषय बदलला. मुलाला मात्र ते लागले. त्याने रात्री जुना फोटो नव्याशेजारी ठेवून बोटाबोटाने ताडून पाहिला. जुन्यात हनुवटीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका होता. नव्यात तो नव्हता. सकाळी त्याने आत्याआजीला विचारले. ‘गोंदण हाय ते,’ ती म्हणाली, ‘माहेरी असताना गोंदलेलं. आईला हाक मारायची म्हटलं की मला आधी तेच दिसतं.’

यंत्राची यात चूक म्हणावी तरी काय? भोवतालापेक्षा वेगळी दिसणारी लहान जागा म्हणजे धूळ, एवढाच त्याचा नियम. तो नियम धुळीला लागू पडतो, तसाच तिळाला, गोंदणाला आणि देवीच्या वणांनाही. अर्थात माणसांनी हेच काम यंत्राच्या कितीतरी आधी केले आहे. पूर्वीच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे वण बुजवणे हा रिवाज होता, आणि गिऱ्हाइकाला तो हवाही असे. अमेरिकेचे थोर छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळ हिवाळ्यातील सूर्योदयाचे एक प्रसिद्ध चित्र घेतले. समोरच्या टेकडीवर तेथील शाळेच्या मुलांनी गावाच्या नावाची ‘एल पी’ ही आद्याक्षरे पांढऱ्या रंगात भली मोठी रंगवली होती. अॅडम्स यांनी ती निगेटिव्हवरून जमेल तितकी काढून टाकली आणि छपाईत जे काही उरे ते प्रत्येक प्रतीवर ब्रशने बुजवले. त्याबद्दल काहींनी त्यांना दोषही दिला. परंतु ते चित्र त्यांचे स्वतःचे होते आणि टेकडी अजूनही जागेवर आहे. कोणालाही जाऊन पाहता येते. लक्ष्मीपुरीतील त्या बाईंना पाहण्यासाठी दुसरीकडे कोठे जाणार?

मुलाने चौकशी केली तेव्हा मंगळवार पेठेतील एका जुन्या टचिंगवाल्यांचा पत्ता लागला. वय पंचाहत्तरच्या पुढे. मिसरूड फुटण्याआधीपासून निरनिराळ्या स्टुडिओंत त्यांनी हेच काम केले. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद निघाला तेव्हापासून रंगीत फोटोंची यंत्रे गावात येईपर्यंत. नंतर काम संपले. त्यांनी फोटो उजेडात तिरपा धरून पाहिला, भिंग लावून पाहिला, आणि दराचे काही न बोलता विचारले, ‘यांना बघितलेलं कोण हाय का घरात?’

‘आत्याआजी आहे, काका.’

‘मग त्यांना घेऊन या. फोटो आज न्या परत.’

दोन दिवसांनी आत्याआजी रिक्षाने मंगळवार पेठेत आली. खिडकीजवळ उत्तरेच्या उजेडात एक उतरते मेज, पांढरी बशी, टिपकागद, चिनी शाईसारखा काळा रंग, थोडा तपकिरी, डिंकाचे पाणी आणि दोन ब्रश. त्याआधी काकांनी मुलाकडून फोटोची भरपूर मोठी, कोणतीही दुरुस्ती न केलेली प्रत काढून जपून ठेवायला लावली होती. हात लावायचा तो त्यानंतर.

आत्याआजीने बसताक्षणीच विचारले, ‘हा कुंचला कसल्या केसाचा?’

प्रश्न रास्त होता. या कामाचा सेबल नावाने ओळखला जाणारा नामांकित ब्रश प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. काकांनी हातातला ब्रश नायलॉनचा असल्याचे सांगितले आणि तो तितकाच चालतो असेही सांगितले, जे खरे आहे. टोक टिकते, फक्त पाणी थोडे कमी धरते. त्यापुढचे मात्र त्यांनी सांगितले नाही. ज्या थरात चेहरा उमटला आहे तो जिलेटिनचा थरच जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून निघतो, आणि त्याहीपूर्वीच्या काळी फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपलेला असे. आपल्या घरातील प्रत्येक जुना फोटो, मुनिमहाराजांचेसुद्धा, अशाच थरावर उभा आहे. हे ज्याला ठाऊक झाले त्याने काय करावे, याचे उत्तर ज्याचे त्याने ठरवायचे; नव्याने काम करताना ब्रश तरी निवडता येतो, एवढे खरे.

जुन्या टचिंगवाल्यांना ब्रशचे टोक जिभेवर ओले करायची सवय असे. थुंकीने रंग कागदावर नीट बसतो असा अनुभव. त्या दिवशी काकांनी पाण्याचा थेंब वापरला.

पांढऱ्या ठिपक्यांवर दोन प्रकारचे रंग चालतात. एक खास टचिंगसाठीचा द्रवरूप रंग. तो जिलेटिनमध्ये शोषला जातो, चकाकी बिघडवत नाही, पण जास्त पडला तर काढणे जवळजवळ अशक्य. पूर्वी नावाजलेला स्पॉटोन हा असाच रंग. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले. दुसरा साधा जलरंग, किंचित डिंक मिसळलेला. तो थराच्या वर बसतो, तिरपे पाहिल्यास दिसतो, परंतु ओल्या कापसाच्या टोकाने परत उचलता येतो. घरातील एकमेव फोटोवर काकांनी जलरंगच घेतला.

काम सुरू झाले ते पदराच्या गडद भागापासून. ब्रश रंगात बुडवायचा, टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर छटा पाहायची आणि मग ठिपक्याच्या आत केवळ टोक टेकवायचे. रेघ ओढायची नाही. टोकाने बारीक कण टाकत जायचे, भोवतालच्या छटेपेक्षा हात नेहमी फिकाच ठेवायचा, वाळू द्यायचे, पुन्हा पाहायचे. हे विसरणाऱ्याचा पांढरा ठिपका जाऊन काळा येतो. ब्रशमधला रंग संपत येईल तसे गडदाकडून उजळाकडे सरकत राहायचे. चेहरा सर्वांत शेवटी. कपाळावर धुळीचा एक लांब तंतू उमटला होता. तो एका टोकाकडून भरत गेले तर त्या जागी रंगवलेली रेघ दिसते, म्हणून काकांनी आधी तो चार ठिकाणी तोडला आणि मग मधल्या फटी भरल्या. दर काही मिनिटांनी ते मान मागे घेऊन फोटो हातभर अंतरावरून पाहत. ठिपका शोधूनही सापडू नये हा हेतू नसतोच. पाहणाऱ्याची नजर आधी डोळ्यांकडे जावी, ठिपक्याकडे नाही, इतपत तो शांत झाला की हात थांबवायचा.

पदरावरचे सात-आठ ठिपके भरून झाल्यावर पुढचा भरण्यासाठी ब्रश टेकणार, तोच आत्याआजी म्हणाली, ‘थांबा. ती बुट्टी हाय.’

काकांनी भिंग लावले. धुळीचा ठिपका भिंगाखाली कोरा कागद दाखवतो, कड चाकूने कापल्यासारखी. हा ठिपका पांढरा होता, पण त्याची कड विरत गेलेली होती आणि आत फिकट कण दिसत होते. त्याच्या खाली-वर, सारख्या अंतरावर, तसेच आणखी दोन. ‘बरोबर हाय आक्का,’ ते म्हणाले, ‘बुट्टीच की.’ आत्याआजीने त्या पातळाचा रंग सांगितला: अंजिरी. तो शिखरजीला जाण्यासाठीच घेतला होता. पुढे त्याचे काय झाले हेही तिने सांगितले, आणि काका ऐकत ऐकत ठिपके भरत राहिले. पहिल्या बैठकीत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी आणखी दीड तास. मुलाने मोजले होते. पांढरे ठिपके त्रेसष्ट भरले, तीन सोडले.

मग काळे उरले. ते दोनच होते: हनुवटीवरचा एक आणि डाव्या कानशिलाजवळचा, त्याहून जरा लहान.

काळ्या ठिपक्याची उत्पत्ती पांढऱ्याच्या उलट असते. धूळ जर छपाईच्या वेळी निगेटिव्हवर नसून फोटो घेतानाच कॅमेऱ्यातील फिल्मवर बसलेली असेल, तर तिच्याखालची जागा प्रकाशाला पारखी होते आणि धुऊन निघाल्यावर पारदर्शक राहते. छपाईत तेथून पुरा प्रकाश जातो आणि कागदावर काळा ठिपका पडतो. तीळ, गोंदण आणि अशी धूळ यांतला फरक सांगणे त्यामुळे अवघड. भिंगाचा उपयोग येथे फारसा होत नाही, विशेषतः बोटाच्या पेराएवढा तुकडा बारा इंचांपर्यंत ताणलेला असेल तेव्हा.

आणि उपायही उलटा. पांढऱ्या ठिपक्यात घालायचे असते, काळ्यातून काढायचे असते. एक रीत धारदार पात्याच्या टोकाने तेवढीच चांदी खरवडण्याची. हात किंचित जड पडला की थर फाटतो आणि चकचकीत फोटोवर ती जागा कायमची निस्तेज दिसते. दुसरी रीत पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो यांच्या मिश्रणाची. हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ साली सांगितलेले हे मिश्रण ब्रशच्या टोकाने ठिपक्यावर लावले की चांदी विरघळून जाते. मग फोटो नीट धुऊन घ्यावा लागतो आणि पांढरी झालेली जागा पुन्हा रंगाने भरावी लागते. दोन्ही रीतींत गेलेली चांदी परत येत नाही. जलरंग उचलता येतो, खरवडलेले भरून येत नाही. बँकेच्या खात्यात चुकीची नोंद कधी खोडत नाहीत. उलटी नोंद करून मूळ आकडा वाचता येईल असा ठेवतात. पाते चालवणे म्हणजे पानच फाडणे.

काकांनी ब्रश धुऊन ठेवला आणि पाते बाहेर काढले, पण ते मेजावरच राहू दिले. हनुवटीवर बोट ठेवून त्यांनी आत्याआजीकडे पाहिले.

‘गोंदण.’

बोट कानशिलाजवळ गेले. ‘आणि हा?’

आत्याआजीने फोटो हातात घेतला. खिडकीकडे वळवला. परत मेजावर ठेवला. तिने डोळे मिटले. मुलाला वाटले, ती आता सांगेल. बाहेर रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. ‘आईच्या डोईवरचा पदर कधी ढळला न्हाई,’ ती शेवटी म्हणाली. ‘ह्या बाजूला पदर असायचा. इथं तो वाऱ्यानं मागं गेलेला दिसतोय. डोंगरावर वारं लई असतंय.’ थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, ‘मला न्हाई ठावं.’

एव्हाना घरात आणखी कोणाला विचारावे असे कोणी उरलेले नव्हते. मुलाने सुचवले की दोन्ही ठिपके एकाच जातीचे दिसतात. एक गोंदण तर दुसराही तीळ असेल. काकांनी मान हलवली. तसे दिसते, पण फिल्मवरची धूळही अगदी तशीच दिसते. ‘तीळ असंल तर मी काढून चुकलो, आणि धूळ असंल तर ठेवून काय बिघडलं?’ असे म्हणून त्यांनी पाते परत कागदात गुंडाळले.

फोटो पुन्हा फ्रेममध्ये गेला. या वेळी काच आणि फोटो यांच्यामध्ये चारी बाजूंनी जाड कागदाची पट्टी घातली, म्हणजे दमट हवेत जिलेटिन काचेला चिकटणार नाही. मागे खिळे ठोकण्याआधी कागदाची फट पट्टीने बंद केली, कसर आत शिरू नये म्हणून. ओले फडके यापुढे काचेवरही फिरवायचे नाही, कोरडेच. पाणी कडेने आत उतरते. संगणकावरची सोनेरी फ्रेममधील प्रत मुलाने उतरवली आणि दुरुस्त फोटोवरून नवी करून घेतली. तिच्यात गोंदण आहे आणि कानशिलाजवळचा ठिपकाही आहे. एक प्रत जयसिंगपूरला गेली.

मूळ फोटोच्या पाठीवर काकांनी मुलाला मऊ पेन्सिलीने चार ओळी लिहायला लावल्या. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. मुलाने तारीख घातली, बाईंचे नाव घातले, आणि काकांनी सांगितले तसे लिहिले: ‘पांढरे ठिपके त्रेसष्ट, जलरंगाने भरले, पाण्याने निघतील. पदरावरचे तीन ठिपके बुट्टीचे आहेत. हनुवटीवरचा ठिपका गोंदण आहे. डाव्या कानशिलाजवळचा ठिपका कसला ते माहीत नाही, म्हणून ठेवला आहे.’